सिग्नलवर थरथरणारी गाडी : आधी निदान, मग पाना

गॅरेजमध्ये जवळपास रोज येणारी एक तक्रार आहे. "गाडी चालताना काही नाही हो, पण सिग्नलला थांबली की थरथरते." कोणी म्हणतं मिसिंग मारते, कोणी म्हणतं आयडलिंग बिघडलंय, कोणी सांगतं स्टिअरिंग हातात नाचतं. आज आपण एवढ्या एकाच तक्रारीचा माग काढणार आहोत. बोलणं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतंच ठेवतो. डिझेलचं इंजिन हवा वेगळ्या रीतीने घेतं, त्यासाठी वेगळा दिवस लागेल.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका त्यांची नऊ वर्षं जुनी चार सिलिंडरची गाडी घेऊन आल्या. तक्रार हीच. आधी दुसरीकडे प्लग आणि एक कॉइल बदलून झाली होती. आम्ही थ्रॉटल बॉडी साफ केली. दोन दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. मग इंजेक्टर काढून साफ करून आणले. पुन्हा आठवडाभर बरं, पुन्हा थरथर. तिसऱ्या वेळी आम्ही म्हणालो, "मॅडम, ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू." तोपर्यंत त्यांचे सगळे मिळून चौदा हजार खर्च झाले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "बदलून बघू म्हणजे काय? आतापर्यंत तुम्ही ज्याला हात लावलात, ते खराब होतं हे तुम्हाला कशावरून कळलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ते भाग तपासलेच नव्हते, फक्त बदलले आणि धुतले होते. त्या गाडीत शेवटी काय निघालं ते पुढे सांगतो. पण आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाभोवतीच आहे. थरथर हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणून डॉक्टर एकामागून एक गोळ्या देत सुटले, तर आपल्याला चालेल का?

आयडलिंगलाच का कळतं?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. चालताना ठीक असलेली गाडी उभी राहिल्यावरच का थरथरते?

आयडलिंगला इंजिन बाहेरचं कुठलंच काम करत नाही. स्वतःचं घर्षण, वॉटर पंप, अल्टरनेटर आणि लावला असेल तर एसी, एवढंच ओढायचं आणि बंद पडायचं नाही. त्यासाठी ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे फिरतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे ८०० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला १,६०० वेळा ज्वलन होतं, सेकंदाला सुमारे २७ वेळा. तीन सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला २० वेळा. यातला प्रत्येक धक्का लहान असतो आणि पुढच्या धक्क्यापर्यंत इंजिनाला तेवढ्यावरच फिरायचं असतं.

आता एक सिलिंडर पेटेनासा झाला असं समजा. एकच सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटायला हवा होता. त्या ४०० वेळी इंजिन किंचित अडखळतं, सेकंदाला सहा-सात वेळा. हा ठेका आपल्याला सीटवर बसल्या बसल्या जाणवतो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर धक्के इतके जवळजवळ येतात आणि फ्लायव्हीलमध्ये इतका जोर साठलेला असतो की बारीकसारीक अडखळणं झाकलं जातं. सायकलवर वेगात असताना एक पेडल चुकलं तर कळत नाही. चढावर, अगदी हळू असताना चुकलं की तोल जातो. तसंच हे.

दुसरं कारण हवेचं. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढत असतात आणि दार बंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब खूप कमी होतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो; आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये तो साधारण ३० ते ४० इतकाच असतो. म्हणजे कुठे बारीक चीर पडली असेल तर बाहेरची हवा तिथून जोरात आत घुसते. अर्धा कप चहात चमचाभर पाणी पडलं तर चहा बिघडतो. पातेलंभर चहात तेच पाणी पडलं तर कळतही नाही. आयडलिंगला इंजिन अर्धा कप हवेवर चाललेलं असतं.

चार गरजा आणि एक तोतया

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात : मोजून हवा, मोजून इंधन, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधन यांचं वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असतं. आयडलिंगची जवळपास प्रत्येक तक्रार या चारपैकी एका खोलीत सापडते. आपलं काम म्हणजे आधी खोली ओळखणं. भाग कुठला, हे नंतर.

पाचवा एक तोतया आहे : इंजिन माउंटिंग, म्हणजे आपल्याकडे ज्याला फाउंडेशन म्हणतात ते. त्यातलं रबर बसलं किंवा फाटलं, की उत्तम चालणाऱ्या इंजिनाचीही थरथर गाडीच्या अंगात उतरते. ओळखायचं कसं? फेऱ्यांचा काटा बघा. काटा स्थिर, आवाज एकसारखा, पण डॅशबोर्ड आणि सीट हलतायत, तर संशय फाउंडेशनवर घ्या. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून गिअर टाकला की थरथर वाढते आणि न्यूट्रलला कमी होते, तर संशय आणखी पक्का. इथे प्लग बदलून काहीही होणार नाही.

बॉनेट उघडण्याआधी

आता आम्ही गाडी आली की आधी माणसाशी बोलतो. पाच-सहा प्रश्न, पैसा लागत नाही.

पहिला प्रश्न : सकाळी थंड इंजिनाला होतं की गरम झाल्यावर? थंड असताना थरथर आणि गरम झाल्यावर बरं, तर हवेची गळती, जुने प्लग किंवा तापमान चुकीचं सांगणारा सेन्सर यांकडे बघायचं. गरम झाल्यावरच होत असेल तर तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा टॅपेटची कमी झालेली फट डोक्यात ठेवायची.

दुसरा : ठेका कसा आहे? ढक-ढक-ढक असा नियमित असेल तर एकाच सिलिंडरचा प्रश्न. मध्येच कधीतरी, बेताल असेल तर सगळ्यांना मिळणाऱ्या गोष्टीत, म्हणजे हवेत किंवा इंधनात, गडबड असण्याची शक्यता जास्त. आणि काटा ७०० ते १,१०० असा झोके घेत असेल, तर कंप्युटर काहीतरी सावरायला धडपडतोय आणि त्याला ते जमत नाहीये.

तिसरा, आपल्या भागात फार उपयोगी : गाडीला सीएनजी आहे का, आणि दोन्ही इंधनांवर तसंच होतं का? फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघा. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारा अशक्त प्लग गॅसवर उघडा पडतो. ते चांगले निघाले तर गॅस किटकडे वळायचं. फक्त पेट्रोलवर होत असेल, तर महिनोन्महिने न वापरलेल्या पेट्रोल इंजेक्टरांवर संशय घ्यायचा. दोन्हींवर सारखंच होत असेल तर दोष दोघांच्या सामायिक खोल्यांत : हवा, ठिणगी किंवा दाब. बघा, फक्त एक बटण दाबून आपण निम्म्या शक्यता खोडल्या.

चौथा : एसी लावला की काय होतं? एसीचा कॉम्प्रेसर जोडला गेला की काटा क्षणभर पडून सावरला पाहिजे. पडतो आणि सावरत नाही, गाडी बंद पडायला येते, तर थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर बघायचा.

पाचवा : हे कशानंतर सुरू झालं? धो धो पावसात गाडी धुतली, बॅटरी बदलली, महिनाभर गाडी उभी होती, टाकी फुल्ल केल्यावर लगेच स्टार्ट व्हायला त्रास होतो. यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. शेवटचं लक्षण टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हकडे बोट दाखवतं. तो उघडाच अडकला की नको तेव्हा वाफ आणि हवा आत येते.

डोळे, कान, हात

मग बॉनेट उघडायचं. बघताना इंजिन बंद ठेवा. उंदरांनी वायर कुरतडलीय का? उंदीर गरम इंजिनाशेजारी घर करतात हे पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांना सांगायला नको. एखादं कनेक्टर ढिलं आहे का? एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघा, कारण चीर नेहमी घडीच्या आत लपलेली असते. ब्रेक बूस्टरकडे जाणारा जाड पाइप, क्रँककेसमधल्या वायू परत नेणारा पीसीव्हीचा पाइप आणि बारीकसारीक व्हॅक्यूमचे पाइप, सगळे बोटांनी चाचपा. खालच्या बाजूने चाचपा, वरून सगळंच चांगलं दिसतं.

इंजिन चालू केल्यावर गळतीचा बारीक स् स् स् आवाज येतो. रबरी पाइपचा एक तुकडा घेऊन त्याचं एक टोक कानाशी धरलं तर आवाज नेमका कुठून येतोय ते कळतं. मात्र फॅन आणि बेल्टपासून लांब, ओढणी आणि सैल बाही आवरून. काही जण गळती शोधायला ज्वालाग्राही स्प्रे मारतात. तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेट घेऊ शकतो, म्हणून आम्ही ते सांगत नाही. गॅरेजमध्ये धूर सोडायचं यंत्र असतं. बंद इंजिनात हलक्या दाबाने धूर भरला की चिरेतून तो बाहेर येताना दिसतो.

आणि हे सगळं उघड्या जागी करायचं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्याला स्कॅनर लावला की गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले कोड दिसतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी०३०० म्हणजे कुठल्या एकात नाही, बेभरवशाचं मिसिंग. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी किंवा हवा जास्त. पी०५०६ म्हणजे आयडलिंग ठरल्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त.

कंप्युटरला मिसिंग कळतं कसं? क्रँकशाफ्टचा सेन्सर प्रत्येक फेऱ्याचा वेग मोजत असतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला वेग वाढायला हवा तेव्हा तो पडला, की त्या सिलिंडरच्या नावावर नोंद. म्हणजे कंप्युटरने धक्का चुकलेला पाहिला, एवढंच. ठिणगी नव्हती, इंधन नव्हतं की दाब नव्हता, हे त्याला माहीत नाही. कोड हा पत्ता आहे, निकाल नव्हे. पी०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच शिक्षा करणं. आम्ही त्या मॅडमच्या गाडीत नेमकं हेच करायला निघालो होतो.

कोडपेक्षा उपयोगी आकडा आहे फ्युएल ट्रिमचा. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कंप्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर सहसा काळजी नसते. आता इंजिन गरम करा, आयडलिंगला आकडा लिहून घ्या, मग २,५०० फेऱ्यांवर धरून पुन्हा लिहा. आयडलिंगला अधिक २२ आणि २,५०० ला अधिक ४, असं निघालं तर ती मगाचची चहाची गोष्ट : चीर तेवढीच आहे, पण हवा भरपूर वाहू लागल्यावर तिचा वाटा नगण्य झाला. याउलट आयडलिंगला बरं आणि फेरे वाढवल्यावर, लोड दिल्यावर आकडा चढत गेला, तर इंधन कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. पंप, फिल्टर आणि तो सेन्सर तिथे बघायचा.

यात एक मेख आहे. सगळ्या गाड्या हवा थेट मोजत नाहीत. बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशेब केला जातो. अशा गाडीत चिरेतून आलेली हवाही दाबात मोजली जाते आणि कंप्युटर तिला साजेसं इंधन देतो. मग ट्रिम फार हलत नाही; त्याऐवजी आयडलिंग चढतं किंवा झोके घेतं. आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे बघितल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लावू नये.

उंचीचंही तसंच. आमचं पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. व्हॅक्यूम गेज लावला तर मुंबईत दिसेल त्यापेक्षा इथे जवळपास दोन इंच कमी दिसतं. पुस्तकातला आकडा आला नाही म्हणून इंजिन खोलायला घेऊ नका.

अदलाबदल : सगळ्यात स्वस्त चाचणी

समजा पी०३०१ आला. पहिला सिलिंडर. नवी कॉइल आणायच्या आधी इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर चालत गेला. कॉइल खराब, पुरावा हातात. पी०३०१ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल. तोही निर्दोष निघाला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, आणि शेवटी दाब. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण कशाने, ते कधीच कळणार नाही.

इंजिन चालू असताना प्लगची वायर उपटून बघायची जुनी सवय मात्र सोडा. एक तर ठिणगीचं व्होल्टेज हजारो व्होल्टचं असतं. दुसरं, ठिणगी नसलेल्या सिलिंडरमधलं कच्चं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायचंच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढतात. इंधनच बंद होतं, मग जळायला काही उरत नाही. हे काम माहीतगार हातानेच करावं.

याच कारणाने एक गोष्ट गाठीला बांधा. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर सवडीने गॅरेज गाठा. तो लुकलुकत असेल तर मिसिंग कन्व्हर्टरला इजा करण्याइतकं जोरात आहे. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा, गाडी रेटत घाटात नेऊ नका.

प्लग काढलेच आहेत तर ते वाचा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे पेटलंच नाही. तेलकट टोक म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. प्लगच्या विहिरीतच ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळतंय. तिथे नुसती कॉइल बदललीत तर नवी कॉइलही त्याच तेलात भिजणार. आणि प्लगची फट गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलीच ठेवायची, अंदाजाने नाही.

थ्रॉटल साफ केला, आणि गाडी आणखी बिघडली!

हा अनुभव अनेकांना येतो. थ्रॉटलच्या झडपेभोवती काजळी साचत जाते तसा कंप्युटर झडप हळूहळू जास्त उघडी ठेवायला शिकतो. आपण काजळी पुसतो, वाट मोकळी होते, पण कंप्युटरच्या आठवणीत जुनीच मापं. मग आयडलिंग चढतं किंवा डुलतं. बॅटरी काढल्यावर उलट होतं, आठवणच पुसली जाते आणि मळलेल्या थ्रॉटलवर गाडी बंद पडते. दोन्हीवर उपाय म्हणजे कंपनीने सांगितलेली आयडल लर्निंगची पद्धत, काही गाड्यांत किल्लीने, काहींत स्कॅनरने. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलून उघडू नका, आतले गिअर नाजूक असतात.

कार्ब्युरेटरच्या काळात, पद्मिनीवर काम शिकलेले मिस्त्री स्लोचा स्क्रू अर्धा आटा फिरवून थरथर झाकायचे. आता तो स्क्रू नाही, हे एका अर्थी बरंच. स्लो वाढवला की थरथर कमी जाणवते, पण मेलेला सिलिंडर मेलेलाच राहतो.

शेवटची खोली : दाब

हवा, इंधन, ठिणगी ठीक, तरी एक सिलिंडर आजारी, तर कॉम्प्रेशन मोजायचं. सगळे प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चांगल्या बॅटरीवर स्टार्टर मारायचा. आपल्याकडे हे माप पौंडात सांगतात. १७५, १७०, १७२ आणि ९५ असं आलं, तर चौथा सिलिंडर पकडला. मग त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब बराच वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर हेड गॅस्केटकडे बघा.

सीएनजीवर खूप चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू रुततो, त्यामुळे टॅपेटची फट कमी होत जाते. शेवटी इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. थंडीत बरी, गरम झाली की आयडलिंगला मिसिंग, ही त्याची खूण. वेळेवर टॅपेट तपासले तर सेटिंगवर भागतं. दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं. इथे दोन-चार महिन्यांचा उशीर हजारोंचा फरक करतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*नवी तीन सिलिंडरची गाडी थोडी थरथरते. बिघाड आहे का?* प्रत्येक वेळी नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के कमी आणि अंतराने येतात, त्याची स्वतःची थोडी थरथर असतेच. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत पाच मिनिटं बसून बघा. तुलना ही सगळ्यात सोपी चाचणी आहे.

*इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होतं का?* इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, प्रमाण साधारण ९ ला १. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर कंप्युटरला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं आणि ट्रिम काही टक्क्यांनी वर दिसू शकते. तेवढ्यावरून बिघाड ठरवू नका. पण इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. जुन्या गाडीसाठी कुठलं मिश्रण चालतं, हे माहितीपुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाशी बघा.

*टाकीत क्लीनरची बाटली ओतली तर?* इंजेक्टरमध्ये थोडी घाण असेल तर फरक पडेल. फाटलेला पाइप, मेलेली कॉइल किंवा बसलेलं फाउंडेशन कुठलीच बाटली दुरुस्त करत नाही. म्हणून आधी खोली ओळखा.

त्या गाडीचं काय झालं?

मॅडमनी प्रश्न विचारल्यावर आम्ही ऑक्सिजन सेन्सरचा विषय बंद केला आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून सुरुवात केली. ठेका बेताल, म्हणजे एका सिलिंडरचा दोष नव्हे. गाडी हवा थेट मोजणारी. ट्रिम आयडलिंगला अधिक २२, २,५०० फेऱ्यांवर अधिक ४. मगाशी दिलेले आकडे त्याच गाडीचे होते. म्हणजे आयडलिंगलाच कुठून तरी हवा घुसतेय. धूर सोडला. मॅनिफोल्डच्या मागे, पीसीव्हीच्या पाइपच्या खालच्या वळणावर धुराची बारीक रेघ उठली. रबर तापून कडक झालं होतं, बोटभर चीर. आम्ही दर वेळी त्या भागात काम करताना तो पाइप हलायचा, चीर दोन-चार दिवस मिटायची आणि आम्हाला वाटायचं आपण गाडी बरी केली. पाइपची किंमत तीनशे रुपयांच्या आत होती. शोधायला लागली चाळीस मिनिटं.

आम्ही इंजेक्टरच्या कामाचे पैसे परत केले. तेव्हापासून गॅरेजमध्ये एक रिवाज ठेवला आहे. बिलावर प्रत्येक भागापुढे एक ओळ असते : हा खराब आहे हे कोणत्या चाचणीत दिसलं. ती ओळ लिहिता आली नाही तर भाग बदलायचा नाही. आमची पोरं सुरुवातीला कुरकुरली, वेळ जातो म्हणाली. आता तीच गिऱ्हाइकाला चाचणी दाखवायला बोलावतात.

तुम्हालाही तेवढंच सांगणं. तुम्ही गाडी स्वतः दुरुस्त केली पाहिजे असं नाही. पण गॅरेजमध्ये गेल्यावर थंड की गरम, पेट्रोल की गॅस, ठेका कसा, कशानंतर सुरू झालं, हे नीट सांगा. आणि भाग बदलायला सांगितला, तर भांडण न करता, आवाज न चढवता विचारा : "हा खराब आहे हे कशावरून कळलं?" चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.